माठ कोणी फोडला

“ह्येचं नाक कुठंय?” सोपाननं विचारलं.

प्रश्न मी विचारायचे असं ठरलेलं होतं, त्यानं नव्हे. मी वहीत वेळ लिहिली, नऊ वाजून वीस मिनिटं, आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले, “नाकाचं राहू दे बाळा. मला सांग, या दोन मुलांपैकी तू कोणाशी खेळशील?”

सोपान गवळी साडेचार वर्षांचा होता. त्यानं चित्राचं कार्ड हातात घेतलं, उलटं करून मागच्या बाजूला नाक आहे का ते पाहिलं आणि मला परत दिलं.

“नाक आलं की सांगतो,” तो म्हणाला.

दाराआडून हसू ऐकू आलं. ते अंगणवाडीच्या मदतनीस द्वारकाबाईंचं होतं. मुलांना प्रश्न विचारणं चालू असताना कोणी जवळ थांबायचं नाही, असं मी सकाळीच बजावलं होतं. त्या जवळ थांबल्या नव्हत्या, दाराआड थांबल्या होत्या.

“खरंच वो म्याडम,” त्या आत डोकावून म्हणाल्या, “ह्या लेकरांनी काय पाप केलं? नकटं तरी काढायचं. पार सपाट?”

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सव्वीसची होते, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नुकतीच लागले होते आणि मोजता येत नाही असं जगात काही असतं यावर माझा विश्वास नव्हता. ज्या गावात दोन समाज एकमेकांकडे पाठ करून राहतात, तिथली लहान मुलं समोरच्या समाजाच्या मुलांबद्दल काय समजून चालतात आणि एका अंगणवाडीत बसल्यानं त्यात काही फरक पडतो का, हा आमचा विषय. त्यासाठी चाळीस कार्डं होती. प्रत्येकावर दोन मुलं, एक टोपीवालं, एक कपाळाला गंध लावलेलं. डोळे आणि तोंड होतं, नाक मुद्दाम गाळलेलं होतं. नाकाच्या ठेवणीवरून मुलाचं मन एका बाजूला झुकू शकतं, असं आमचे मार्गदर्शक डॉ. वर्तक यांचं मत होतं. मला ते पटलं होतं. सरांचं मला त्या काळी सगळंच पटायचं.

पळसवेढे गावाच्या मधून ओढा जातो. त्याच्या एका बाजूला हिंदू वस्ती, दुसऱ्या बाजूला मुसलमान वस्ती. पूर्वी सरमिसळ होती म्हणे, पण मी गेले त्याच्या सहा वर्षं आधी दंगल झाली आणि जो तो आपापल्या बाजूला राहायला गेला. दोन्हीकडचे लोक आपल्या बाजूला अल्याड म्हणत आणि समोरच्या बाजूला पल्याड, त्यामुळे बाहेरच्या माणसाला पत्ता विचारायची सोय नव्हती. दोन्ही वस्त्यांत एकेक अंगणवाडी होती. त्या दोन्ही मी आदल्या आठवड्यात उरकल्या होत्या. तिसरी ही, पुलाच्या तोंडाशी, जुन्या जकात नाक्यात. जकात बंद झाल्यावर नाका ओस पडला होता. हमीदाताई मणियार यांनी नगरपालिकेच्या खेपा घालून ती खोली मागून घेतली. खोलीला दोन दारं होती, एक या वस्तीकडे उघडणारं, एक त्या. पंधरा मुलं या दारानं यायची, पंधरा त्या दारानं. हमीदाताई सेविका, मुसलमान वस्तीतल्या. द्वारकाबाई मदतनीस, हिंदू वस्तीतल्या.

ही अंगणवाडी पुढाऱ्यांना नको होती. एका बाजूचे नगरसेवक अण्णा आणि दुसऱ्या बाजूचे हाजीसाहेब यांचं सहा वर्षांत एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे नाक्यावरची अंगणवाडी मोडून अर्धी अर्धी दोन्हीकडे द्यावी. बालविकास अधिकारी निकाळजे मॅडम यांनी ते कसंबसं थोपवून धरलं होतं. पुण्याचा अभ्यास होऊ द्या, त्या म्हणाल्या होत्या. एकत्र बसून मुलांचा काही फायदा दिसला तर नाका राहील, नाही दिसला तर तुमचं तुम्ही करा. शनिवारी बैठक ठरली होती. म्हणजे माझ्या पिशवीत चाळीस नकटी कार्डं होती आणि हमीदाताईंची अंगणवाडीही होती.

हमीदाताईंनी मला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. पंचेचाळिशीची बाई, घरचा धंदा बांगड्यांचा, दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. ताई येताहेत हे मुलांना आवाजावरून कळायचं. मी आले की त्या चहा द्यायच्या आणि माझ्या नियमाप्रमाणे बाहेर लिंबाखाली जाऊन बसायच्या.

“मुलं आत आणि मी बाहेर,” एकदा त्या हसून म्हणाल्या, “पण परीक्षा माझीच आहे असं वाटतं.”

“परीक्षा नाही हो ताई. नुसता अभ्यास आहे.”

“अभ्यासाच्या पुढं परीक्षाच असते मॅडम.”

मला हे बोलणं आवडलं होतं, पण वहीत त्याला रकाना नव्हता. रकाने होते ते मी भरत होते. पाणी: एक माठ, झाकलेला. बैठक: मुलांच्या जोड्या, प्रत्येक जोडीत एक या वस्तीचं, एक त्या वस्तीचं. स्वच्छता: बरी, मात्र खिडकीत फुटक्या माठांचे सात गळे ओळीनं मांडून ठेवलेले, अडगळ. हे अडगळ मी दोनदा अधोरेखित केलं. गावात एव्हाना पुण्याची कोणी बाई मुलांना पत्ते खेळायला शिकवते अशी बोलवा झाली होती आणि दोन आया खातरजमा करायला येऊन गेल्या होत्या. कार्डं पाहून त्याही नाकावरच अडल्या.

खरं सांगायचं तर बहुतेक कार्डांनी काहीच हाती लागलं नाही. कोणाशी खेळशील? तर ज्याच्याकडं चेंडू असंल त्याच्याशी. दोघांत शहाणं कोण? तर आमची म्हैस. पण अकरावं कार्ड काढलं की मुलं सावरून बसायची. त्यात दोन मुलं होती आणि मधे फुटलेला माठ. प्रश्न होता: माठ कोणी फोडला?

नाकासाठी अडून बसलेल्या सोपाननंही या कार्डाला क्षणाचा विलंब लावला नाही. टोपीवाल्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “ह्यानं. ह्यानंच फोडला.” त्याचे डोळे चमकत होते. त्याच्या जोडीची इक्रा आली. गुडघ्यापर्यंत फ्रॉक, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तिनं गंधवाल्यावर बोट ठेवलं आणि खात्रीसाठी दोनदा दाबलं. मग तिसरं मूल, मग चौथं. हिंदू वस्तीतली मुलं टोपीवाल्याकडे बोट दाखवत होती आणि मुसलमान वस्तीतली गंधवाल्याकडे. तीस मुलांपैकी सव्वीस मुलांनी न अडखळता परक्या मुलावर आळ घातला होता.

बुधवारी संध्याकाळी लॉजवर बसून मी तीनदा मोजणी केली. वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या त्या दोन अंगणवाड्यांत निम्म्या मुलांनी इकडे बोट दाखवलं होतं, निम्म्यांनी तिकडे. तिथं काही पक्कं नव्हतं. पक्कं होतं ते नाक्यावर. मी एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला.

सरांनी आकडे पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाले, “उल्का, म्हणजे एकत्र बसवल्यानं मुलं जास्त कडवी होतात असं निघालं. हे आजवर कोणी दाखवलेलं नाही.”

“हो सर.”

“एडिंबराच्या परिषदेला हा निबंध गेला पाहिजे. आणि तो तूच वाचायचास. मी निकाळजेबाईंना आत्ताच आकडे कळवतो.”

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. हमीदाताई आठवल्या, नाही असं नाही, पण एडिंबरा जास्त आठवलं. त्या रात्री खाणावळीत मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गुरुवारी नाक्यावर गेले तर चहा तयार होता आणि हमीदाताईंच्या हातात शिपायानं सकाळीच आणून दिलेलं पत्र होतं.

“निकाळजे मॅडमचं आहे,” त्या म्हणाल्या. “आपली मुलं एकमेकांना वाईट समजतात, असं निघालंय का?”

“ताई, मी नाही म्हणत. आकडे म्हणतात.”

“आमची मुलं?”

“सव्वीस जणांनी समोरच्या बाजूच्या मुलाचं नाव घेतलं. चूक कोणाची असं विचारल्यावर.”

चूक कोणाची, एवढंच मी बोलले. माठाचं बोलले नाही, कारण कार्डात काय आहे ते सेविकेला सांगायचं नाही असा नियम होता आणि मी नियम पाळणारी होते. हमीदाताईंनी पत्राची घडी घातली, बांगड्या मागे सारल्या आणि मुलांची हजेरी घ्यायला गेल्या. त्यांचा आवाज रोजच्यासारखा येत नव्हता. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

द्वारकाबाई मात्र समोर येऊन उभ्या राहिल्या. “आकडं म्हनत्यात व्हय? आकडं काय आपल्या पायानं चालत आलं का? तुमीच आणलं न्हवं?”

“द्वारकाबाई, हे शास्त्र आहे.”

“असंल. नाक नसलेलं.”

शुक्रवारी माझं काम संपलं. कागद आवरले, कार्डं पिशवीत भरली, पिशवी खांद्याला अडकवून वळले आणि पिशवीचा कोपरा माठाला लागला. माठ तिवईवरून खाली गेला. पाणी दोन्ही दारांपर्यंत पोचलं.

त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघावं? “इतक्या कडेला कोणी ठेवला हा माठ?” असं निघालं. ठेवला द्वारकाबाईंनी होता आणि तो रोज तिथंच असायचा.

 मग तीस मुलांनी एकदम गिल्ला केला. याचं नाव, तिचं नाव, जो तो जोडीदाराकडे बोट दाखवून ओरडत होता. तेच सगळं माझ्यापुढे जिवंत घडत होतं. हमीदाताई धावत आत आल्या तशी मी म्हणाले, “बघा ताई. मी हेच सांगत होते. मुलं कशी एकमेकांवर ढकलतात ते बघा.”

“ढकलतात?” हमीदाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग मुलांकडे. “गप रे सगळे. आधीच्या वेळी कोण गेलं होतं?”

“सोपान,” सगळी ओरडली.

“मग सोपान, सांग. माठ कोणी फोडला?”

“इक्रानं,” सोपान म्हणाला.

इक्रा लांब त्या कोपऱ्यात ठोकळे लावत बसली होती. माठाच्या आसपासही नव्हती. इतका उघड खोटेपणा पाहून मी वही काढायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात इक्रा उठली. आनंदानं तिचं तोंड इतकं पसरलं होतं की पडलेल्या दाताची जागा लांबून दिसली. दोन उड्या मारून ती चपला ठेवायच्या जागी गेली आणि तिनं पटकन चपला घातल्या, उलटसुलट.

“अगं पण तिनं नाही फोडला,” मी म्हणाले. “माठ मी फोडलाय.”

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी रांग मोडून पुढं घुसले असावे तशी.

“सोताचं नाव घ्यायचं नसतंय,” सोपान म्हणाला.

“का बरं?”

“हावरटपणा हाय त्यो.”

मी हमीदाताईंकडे पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

“ज्याची चूक, त्यानं स्वतः सांगू नये का?”

“जोडीदारानं सांगायचं,” इक्रानं मला समजावलं. “तुमचा जोडीदार कोण आहे?”

“मला नाही जोडीदार.”

मुलांना माझी खरोखर दया आली. तिथल्या तिथं चर्चा झाली. म्याडम कुठल्या? पुण्याच्या. पुणं म्हंजी पल्याड. मग जोडीदार इकडचा पाहिजे. सोपाननं खोलीभर नजर फिरवली आणि केरसुणीनं पाणी लोटणाऱ्या द्वारकाबाईंकडे बोट केलं.

“मला नगं असली जोडीदारीण,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“ठरलं,” सोपान म्हणाला. तिथं त्याच्या शब्दाला मान दिसला. “पन आज इक्राची पाळी हाय.”

“कसली पाळी?” मी विचारलं.

“चला की संगट,” द्वारकाबाई केरसुणी ठेवत म्हणाल्या. “बघा डोळ्यानं. डोळं तरी तुमचंच हायेत न्हवं?”

आम्ही तिघी हिंदू वस्तीच्या दारानं बाहेर पडलो. इक्रा पुढं, तिच्या मागं द्वारकाबाई, शेवटी मी. मुसलमान वस्तीतलं मूल भरदिवसा त्या गल्लीतून चालताना मी आठवडाभरात पाहिलं नव्हतं. एका ओट्यावर गहू निवडणाऱ्या बाईनं विचारलं, “आज कुनी फोडला गं?”

“मी,” इक्रानं ताठ मानेनं सांगितलं.

“कुनी नाव घेतलं?”

“सोपाननं.”

“गवळ्याचं पोर गुणाचं हाय,” बाई म्हणाली आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

कुंभारवाड्यात कोंडिबा कुंभार चाकावर बसला होता. इक्राला पाहून त्यानं चाक थांबवलं. भाजलेला एक माठ काढून द्वारकाबाईंपुढे ठेवला. त्याच्या गळ्याशी एक बोटाएवढा खळगा होता. छोट्या अंगठ्याचा.

“हा सोपानचा,” तो म्हणाला. “मागल्या टायमाला आला तवा दाबून गेला. आता तुझा ह्याच्यावर दाब. म्होरला माठ तुझ्या नावाचा.”

सावलीत एक कच्चा माठ वाळत होता. इक्रा त्याच्यापुढे उकिडवी बसली. तिनं आधी अंगठा फ्रॉकला पुसला, मग जीभ बाहेर काढून माठाच्या गळ्यावर दाबला, आणि उचलून कितीतरी वेळ ती त्या खळग्याकडे बघत राहिली. कोंडिबानं लिंबाएवढा मातीचा गोळा तिच्या हातावर ठेवला. “आणि ह्यो सोपानला दे. ज्यानं नाव घेतलं त्याला.”

खिडकीतले सात गळे मला तिथं आठवले. सात अंगठे. मी त्यांना अडगळ म्हटलं होतं, दोनदा अधोरेखित करून. मी कोंडिबाच्या अंगणात, होते तशी, मातीत बसले. हसू येत होतं आणि लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकदम आली की काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

परतताना डोक्यावर माठ घेऊन द्वारकाबाई सांगत होत्या. “दंगल कशावरनं झाली, ठावं हाय का? एका दुकानाची काच फुटली. कुनी फोडली ते आजपतुर कुनाला ठावं न्हाई. पन पन्नास जणांनी पन्नास नावं घेतली. माझ्या दिराचं घेतलं, हमीदाच्या भावाचं बी घेतलं. दोघं बी त्या दिवशी गावात नव्हतं.”

“मग?”

“मग ही अंगनवाडी निघाली. पयल्याच म्हैन्यात माठ फुटला. झालं, दोन्ही दारात आया हुब्या. तुमच्यानं फोडला, तुमच्यानं फोडला.  हमीदा म्हनली, ज्यानं फोडला आसंल त्याला मी नवा माठ आनायला संगट नेनार. झालं. समदी पोरं म्हनाया लागली, मी फोडला, मी फोडला. त्येचा बी कालवा. मग तिनं नेम केला, सोताचं नाव घ्यायचं न्हाई, जोडीदाराचं घ्यायचं. आज मी तुझं घेतो, म्होरल्या बारीला तू माझं घे. आता पोरं माठ फुटायची वाट बघत्यात.” त्या थांबल्या आणि डोक्यावरचा माठ सांभाळत माझ्याकडे वळल्या. “तुमी हेच इचारलं व्हतं का वो पोरास्नी? माठ कुनी फोडला म्हनून?”

“हो.”

“आरं देवा,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि रस्त्यात उभ्या राहून इतक्या हसल्या की माठ मला धरावा लागला.

कार्डावर आपल्यासारखा दिसतो तो मुलगा आपण, आणि दुसरा तो जोडीदार. नाव घ्यायचं ते दुसऱ्याचं. सव्वीस मुलांनी सव्वीस जोडीदारांना कुंभाराकडे पाठवलं होतं आणि मी त्याला कडवेपणा म्हणून वहीत लिहिलं होतं. माझा हात त्या वहीवर होता आणि एडिंबरा फार लांब गेलं होतं. ते जाताना मला थोडं दुखलंच.

मग मी एक प्रश्न वाढवला. अकरावं कार्ड दाखवायचं, माठ कोणी फोडला ते विचारायचं आणि मूल बोट दाखवील तेव्हा पुढं विचारायचं: आता त्याचं काय होईल? नाक्यावरच्या मुलांना शुक्रवारीच विचारलं. वस्त्यांमधल्या दोन अंगणवाड्यांत शनिवारी सकाळी पळत जाऊन विचारलं. तिथल्या मुलांनी सांगितलं, मार बसंल. आई खोलीत कोंडंल. पोलीस नेतील. एका मुलीनं सांगितलं, त्याचं घर जाळतील. तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला पुढच्या मुलाला लगेच बोलावता येईना. नाक्यावरच्या मुलांचं उत्तर एकच होतं. तो अंगठा दाबून येईल.

बैठकीआधी सरांना फोन केला.

“म्हणजे निष्कर्ष गेला?” त्यांनी विचारलं.

“निष्कर्ष आहे सर. परिषद गेली.”

सरांनी पलीकडे कागद चाळले. मग हळूच म्हणाले, “नाक नसल्याचा काही परिणाम झाला का?”

“झाला सर. तो वेगळा सांगते.”

दुपारी बारा वाजता नाक्यावर बैठक झाली. मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन अण्णा आणि हाजीसाहेब बसले होते, मधे निकाळजे मॅडम. मुलं घरी जायला तयार नव्हती, त्यांना भिंतीशी बसवलं होतं. इक्रानं आणलेला माठ तिवईवर होता. मी सगळं सांगितलं, माझा मूर्खपणासुद्धा.

“बुधवारी एक सांगितलं, आज उलटं,” अण्णा म्हणाले. “आता खरं काय धरायचं?”

“हेच मी म्हणतो,” हाजीसाहेब म्हणाले. पुन्हा एकमत.

हमीदाताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

निकाळजे मॅडमनी चष्मा काढला आणि त्या मुलांकडे वळल्या. “बाळांनो, समजा आत्ता हा माठ फुटला. कोणी फोडला असेल? यांनी,” त्यांनी अण्णांकडे हात केला, “की यांनी?”

खोलीत एकच कल्ला झाला. हिंदू वस्तीतली पंधरा मुलं हाजीसाहेबांकडे बोट करून ओरडत होती आणि मुसलमान वस्तीतली पंधरा अण्णांकडे. दोघांचेही चेहरे पडले. अण्णा बाकावरून अर्धे उठले.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “मग आता यांचं काय करायचं?”

“कुंभाराकडं न्यायचं,” तीसही मुलं म्हणाली.

“कोणाला? यांना की त्यांना?”

मुलांमध्ये कुजबुज झाली. सोपान उठून उभा राहिला. “आधी हाजीसायबाला,” तो म्हणाला. “म्होरल्या बारीला अण्णा.”

हाजीसाहेबांनी खिडकीतला एक गळा उचलला, त्या खळग्यात स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. तो मावला नाही. “अण्णा,” ते म्हणाले, “माझा नंबर आधी लागला.”

“लावून घ्या,” अण्णा पुन्हा बसत म्हणाले. “पोरांपुढं मी काय बोलणार.” आणि ते आधी हसले की हाजीसाहेब, हे मला आजही सांगता येणार नाही.

निकाळजे मॅडमनी फाइलवर दोन ओळी लिहिल्या. “नाका राहील,” त्या म्हणाल्या. चौकटीपाशी बांगड्या खळकन वाजल्या. “पण बुधवारचे आकडे माझ्या फाइलला लागलेत. ते चुकीचे म्हणून नोंद करावी लागेल. ही चूक कोणाची लिहू?”

मी तोंड उघडलं. सोपाननं माझ्याकडे डोळे वटारले. मी तोंड मिटलं.

मागून द्वारकाबाई पदराला हात पुसत पुढं आल्या. अख्ख्या खोलीसमोर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हिची,” त्या म्हणाल्या, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्याकडे पुष्कळांनी बोटं दाखवली. इतक्या आनंदानं कोणी दाखवलं नाही आणि मलाही कधी इतकं बरं वाटलं नाही.

“ठीक आहे,” निकाळजे मॅडम हसू दाबत म्हणाल्या. “मग पुण्याला जा आणि नवा अहवाल घेऊन या.”

मी उठले, चपला घातल्या. इक्रा माझ्याकडे हेव्यानं बघत होती. द्वारकाबाई पुलापर्यंत पोचवायला आल्या.

“जोडीदाराला काय तरी आनायचं असतंय,” त्या म्हणाल्या. “ठावं हाय न्हवं?”

“ठाऊक आहे. काय आणू तुम्हाला?”

त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी सारखी केली, कार्डं आत आहेत ना ते वरून चाचपून पाहिलं.

“ह्या लेकरास्नी नाकं आन,” त्या म्हणाल्या. “आन पळ आता, सव्वाची यष्टी चुकंल तुझी.”